लादीपुरतं घर

मिस्त्रीच्या संसारात आधी लादी आली, घर फार नंतर.

एका बंगल्याचं काम चालू होतं. मालकाने स्वयंपाकाच्या ओट्यासाठी काळ्या दगडाची अखंड लादी मागवली होती, चांगली पुरुषभर लांब. उन्हात ठेवून ओल्या फडक्याने पुसली, तर एका टोकाला केसाएवढी पांढरी शीर निघाली. मालकाने नाक मुरडलं. "ही उचला इथून. डागी माल मला नको."

"मग मी नेऊ?" मिस्त्रीने विचारलं.

"न्या, नाहीतर फोडून भरावात टाका. मला काय करायचंय?"

मिस्त्री ती हातगाडीवर घालून, खाली पोती, वर पोती, पोटच्या पोराला आणावं तशी घरी घेऊन आला. घर म्हणजे भाड्याची एक खोली. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो, लोक घर बांधतात मग ओटा घालतात. तुम्ही ओटा आणलात. आता याच्यावर छप्पर तेवढं टाकलं की झालं!"

"टाकू की," मिस्त्री म्हणाला. "तुझ्या उंचीचा ओटा घालीन. बोलून ठेवतो."

मिस्त्रीची बायको अंगाने काटक, पण उंचीने बेताची. भाड्याच्या खोल्यांतले ओटे कुणा भलत्याच बाईच्या मापाचे. लग्न झाल्यापासून ती लाकडी खोक्यावर उभी राहून रांधत होती. एकदा खोकं कलंडलं आणि उकळती कढई हातावर येता येता राहिली. खांदा तर कायमचाच धरलेला. दिवसा ती मिस्त्रीच्याच हाताखाली घमेली उचलायची, आणि संध्याकाळी घरी येऊन खोक्यावर चढायची. "दिवसभर चढउतार, घरी आले तरी परात डोक्यापेक्षा उंच," असं म्हणून हसायची.

त्या दिवशी मिस्त्रीने तिला भिंतीपाशी उभं केलं, कोपरात हात दुमडायला लावला, आणि ओळंब्याच्या दोरीला तिच्या कोपरापासून चार बोटं खाली एक गाठ मारली. भिंत सरळ आहे की नाही ते बघायची ती दोरी. तिच्यात त्या दिवसापासून बायकोची उंची बसली. दोरी झिजली की नवी यायची, पण जुनी टाकायच्या आधी मिस्त्री दोन्ही शेजारी धरून गाठ उतरवून घ्यायचा. सोबतचे गवंडी चिडवायचे, "काय रे, ही गाठ कसली? वहिनीने पाठवलीय वाटतं, सांजच्याला घरी यायची आठवण म्हणून!"

लादी प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर हलली. हमाल शिव्या घालायचे. कधी ती कॉटखाली आडवी पडली, कधी भिंतीला टेकून उभी राहिली. दोन विटांच्या थरांवर ठेवली की पाहुण्यांना बाक व्हायचा. मुलगी त्याच्यावर वही ठेवून अभ्यास करत मोठी झाली, शिकली, लग्न होऊन लांबच्या गावी गेली. तिच्या सासरच्यांना पहिला चहा दिला तोही लादीवरच बसवून. घरमालक बदलत राहिले, लादी कुणाच्या ओट्यावर चढली नाही. "परक्या ओट्यावर आपली लादी कशाला?" मिस्त्री म्हणायचा.

केस पिकले तेव्हा कुठे एक घर बेतात बसेल असं दिसलं. बसेल म्हणजे, पडकं होतं म्हणून. मागच्या खोलीचं छप्पर बसलेलं, दर्शनी भिंतीला वरून खालपर्यंत तडा, जोत्यातून गवत. मालक वारलेला, वारस परगावी. घरं विकून देणारा दलाल रुमालाने नाक धरूनच आत शिरला.

"मिस्त्री, आधीच सांगतो, मागून म्हणू नका. हद्दीचा थोडा घोळ आहे. नकाशात मागची रेघ सरळ आहे आणि जाग्यावर भिंत तिरकी. पण शेजारी भांडणारे नाहीत. नवरा अंथरुणाला खिळलेला, बायको दिवसभर कामावर. कोण भांडणार?"

मिस्त्रीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो भिंतीवर टिचक्या मारत फिरत होता. वैद्याने नाडी बघावी तशी तो भिंत बघायचा. तडा जुना आहे, आता वाढणारा नाही, हे त्याने धुळीवरून ताडलं. पाया शाबूत. मागच्या खोलीत आला आणि मात्र थांबला. मागची भिंत खरंच तिरकी होती. डाव्या अंगाला खोली लांब, उजव्या अंगाला आखूड. काटकोन बघायचा गुण्या लावायचीही गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांना खुपत होतं.

"ही कोणत्या आंधळ्याने बांधली?" मिस्त्री मोठ्याने हसला. त्याचं ते हसणं मागच्या शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत गेलं असणार.

खरं सांगायचं तर मिस्त्रीला भिंत कळत होती, जमीन कळत नव्हती. भिंत वाकडी दिसली की ती बांधणाऱ्याची चूक, एवढंच त्याला ठाऊक. कुणी मुद्दाम, चांगल्या मनाने, वाकडी भिंत बांधत असेल हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

घर घेतलं. नवरा-बायको दोघांनीच डागडुजी सुरू केली.

मागे दोन घरांमधून एक अरुंद बोळ होता. शेजाऱ्यांच्या दारातून निघायचा, मिस्त्रीच्या मागच्या भिंतीलगत यायचा, उजव्या कोपऱ्यावर वळायचा आणि बाजूच्या भिंतीने रस्त्याला लागायचा. शेजाऱ्यांना बाहेर पडायला तेवढीच वाट. शेजारी म्हणजे ड्रायव्हर आणि त्याची बायको. आयुष्यभर बस चालवलेला हा धिप्पाड गडी. अर्धांगाच्या झटक्याने एक बाजू गेली आणि बोलणंही गेलं. त्याची कॉट खिडकीला लावलेली, आणि खिडकीसमोर बरोबर तो वळणाचा कोपरा. बायको लाँड्रीत इस्त्री करायची. उजाडायच्या सुमाराला जायची ती दिवेलागणीला यायची.

पहिल्याच आठवड्यात ती मिस्त्रीच्या बायकोकडे आली. "वहिनी, तुम्ही दिवसभर इथेच असता, तर ह्यांच्याकडे जरा डोकवाल का? पाणी तेवढं."

"त्यात काय ताई! माणूस माणसाच्या उपयोगी नाही पडणार तर काय भिंती पडणार?"

तेव्हापासून मिस्त्रीची बायको दुपारी ड्रायव्हरला पाणी पाजायची, कुशीवर वळवायला मिस्त्रीला हाक मारायची. मिस्त्री त्याच्याशी गप्पा मारायचा, म्हणजे एकटाच बोलायचा. "काय ड्रायव्हरसाहेब, आज गाडी कुठल्या फाट्याला?" ड्रायव्हर अर्ध्या तोंडाने हसायचा. मिस्त्रीला वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा शेजार मिळाला. भाडेकरूला कुठला शेजार? त्याला नुसतीच ओळख.

छप्पर चढलं, तडा भरला, गिलावा झाला. मग एका सकाळी चार गडी बोलावून लादी आत आणली. मोरी आणि खिडकी उजव्या भिंतीला, म्हणून ओटाही तिथेच घालायचा. लादी धरून बघितली, तर हातभर जास्त. तिरक्या भिंतीने नेमकी तेवढीच जागा खाल्लेली.

मिस्त्री खाली बसला. बायको म्हणाली, "कापा की हातभर. काय बिघडतं?"

"कापायची? इतकी वर्षं सांभाळली ती कापायला?"

"मग काय भिंत सरकवणार?"

ती थट्टेने बोलली. पण मिस्त्रीच्या डोक्यात ते बसलं. ही वाकडी भिंत अशीही त्याला झोपू देत नव्हती. पाडून सरळ घेतली, गुण्यात आणली, की लादी अशी बसेल जशी म्यानात तलवार. कागदावर रेघ सरळ आहेच. दलाल म्हणालाच होता.

"ताईंना विचारून घ्या आधी," बायको म्हणाली.

"विचारायचं काय? वाट कुठे बंद होतेय? कोपरा हातभर मागे जाईल. माणूस आरामात जातो."

विचारलं नाही. छपराला टेकू लावून भिंत पाडली, जुना पाया उकरून काढला, नवी दोरी ताणली. दोरी सरळ ताणली गेली तेव्हा मिस्त्रीने तिला खुशीत एक टिचकी मारली.

पहिला थर बसला आणि खिडकीतून आवाज आला. ड्रायव्हर चांगल्या हाताने चमचा खिडकीच्या गजावर आपटत होता. ठण, ठण, ठण. मिस्त्रीची बायको धावत गेली. पाणी? नको. कूस? नको. तो मान हलवत राहिला. मग चमचा टाकून त्याने हात हवेत उचलला आणि गोल फिरवला. हळूहळू, मोठ्या चाकावरून फिरवावा तसा. डोळे कोपऱ्यावर.

"बघ बघ," मिस्त्री थरापाशी बसूनच म्हणाला, "साहेबांना गाडीची आठवण आली!" आणि त्यानेही थापीसकट दोन्ही हात चाकावर असल्यासारखे फिरवले, गाल फुगवून मोठा हॉर्न दिला. "पोंऽऽ पोंऽऽ!"

ड्रायव्हरच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिस्त्रीला वाटलं, हसून हसून आलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. चमचा, मग हात. मिस्त्रीनेही इमानाने हॉर्न दिला. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरने तोंड फिरवून घेतलं. भिंत तोपर्यंत खांद्याला आली होती.

त्या संध्याकाळी ड्रायव्हरची बायको पिशवी घेऊन बोळातून आली आणि कोपऱ्यावर थबकली. नव्या विटांवर तिने हात ठेवला.

"भाऊ, भिंत जरा बाहेर आली का?"

"नाही हो ताई. सरळ केली एवढंच. तिरकी होती ना, बरी नव्हती दिसत. तुम्हाला जायला अडचण नाही ना?"

ती अंग चोरून कोपऱ्यावरून वळली. "नाही. जाते की मी."

एवढंच बोलली. तिच्या नवऱ्याला रोज दुपारी ज्या घरातून पाणी मिळत होतं त्या घराची ती भिंत होती. उपकाराखाली दबलेलं माणूस हद्द मागत नाही. हे मिस्त्रीला कळायला फार उशीर झाला.

ओटा झाला. दोरीतल्या गाठीला धरून बरोबर उंची घेतली. शीर कुठल्या टोकाला ठेवायची विचारलं, तर बायको म्हणाली, "आत कोपऱ्याकडे. तिथे मिठाची बरणी ठेवीन. डाग माझा मला दिसू दे, दुसऱ्या कुणाला कशाला?" पहिल्या दिवशी ती ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली. पाय जमिनीवर, कोपर ओट्याच्या वर. दोन्ही तळवे तिने लादीवर पसरले.

"अहो, मी म्हातारपणी आखूड झाले की काय? ओटा बोटभर उंच लागतोय."

"गाठ बरोबर आहे. तूच खचलीस, जुन्या घरासारखी."

"मग माझीही डागडुजी करा," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून चहाला लागली. पहिला कप तिने ड्रायव्हरला नेला. त्याने घेतला नाही. कोपऱ्याकडे बघत पडून राहिला.

मग ती सकाळ. ड्रायव्हरची बायको कामावर निघायच्या बेतात होती, तेवढ्यात आतून घरघर ऐकू आली. तिने हाक मारली तशी मिस्त्री दाढीचा फेस तसाच ठेवून धावला. ॲम्ब्युलन्स रस्त्यावर आली, दोघे जण स्ट्रेचर उभं धरून बोळातून आत आले. जाताना काही अडलं नाही. येताना त्याच्यावर ड्रायव्हर होता.

कोपऱ्यावर स्ट्रेचर अडलं. पुढचा वळला, मागच्याला वळता येईना. मागे घेतलं, पुन्हा पुढे. दांडा नव्या गिलाव्याला घासत होता.

"जरा तिरकं करा!" 

"तिरकं केलं तर घसरतील हो, वजन बघा!"

"डोक्याकडून उंच उचला, उभं होईल!"

"खांद्याच्या वर एवढं वजन? आम्ही दोघंच आहोत काका."

ड्रायव्हरची बायको एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. कुणाला उद्देशून नाही, आपलं आपल्याशीच. "ह्यांना आधी दोनदा नेलं होतं. सरळ निघाले होते. दोन्ही वेळा सरळ निघाले होते."

शेवटी स्ट्रेचर खाली ठेवलं आणि चादरीत घेऊन न्यायचं ठरलं. डोक्याकडचं टोक मिस्त्रीने धरलं. वळणावर ड्रायव्हरचं डोकं मिस्त्रीच्या छातीशी आलं, आणि त्याचा चांगला हात चादरीतून बाहेर आला. हवेत थोडासा उचलला, आणि फिरवला. हळूहळू, गोल. मोठी गाडी अरुंद वळणावर काढताना फिरवावा तसा.

मिस्त्री वळणावरच थांबला. ड्रायव्हर गाडी आठवत नव्हता. कधीच आठवत नव्हता. तो सांगत होता, इथे वळणाला जागा लागते.

"काका, चला ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर इस्पितळातच गेला. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता. हे सगळ्यांनी मिस्त्रीला सांगितलं. ज्याने त्याने सांगितलं. मिस्त्रीने एकदाही मान हलवली नाही.

माणसांची ये-जा ओसरल्यावर मिस्त्री आणि त्याची बायको शेजारी गेले. रिकाम्या कॉटवर गादीची वळकटी होती. ड्रायव्हरची बायको खिडकीशी बसली होती.

"ताई," मिस्त्री म्हणाला.

तीच बोलायला लागली. "सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांना न्यायला-आणायला कोपरा आडवा यायचा. हे गेले तुमच्या घरच्या जुन्या मालकाकडे. ते म्हणाले, नाहीतरी भिंत नवी बांधायची आहे, किती जागा लागेल तेवढी आखून द्या. ह्यांनीच खडूने आखून दिली. बसवाला माणूस, वळण डोळ्यांत बसलेलं. तिरकी झाली भिंत. आमच्यासाठी त्यांनी आपली खोली आखूड करून घेतली. वर चहा पाजला आम्हालाच."

मिस्त्रीला आपलं ते हसणं आठवलं. कोणत्या आंधळ्याने बांधली.

"तुम्ही मला सांगायचंत ताई."

"तुम्हाला कोण सांगणार भाऊ? ज्याला सांगायचं होतं त्याची वाचा गेलेली. आणि मी..." तिने मिस्त्रीच्या बायकोकडे पाहिलं. "मी पाण्याचा तांब्या बघत होते."

घरी आल्यावर मिस्त्रीने अंगणात हत्यारांची पिशवी उपसली. कागद त्याच्या बाजूने होता. शेजारीण काही मागत नव्हती. भिंत तशीच राहिली असती तर जगात कुणी त्याला जाब विचारला नसता. तो पहार घेऊन आत आला, तर बायको ओट्यावरची भांडी खाली उतरवत होती. डबे काढून झाले होते. मिठाची बरणी तिच्या हातात होती.

"मी काही बोललो का?" मिस्त्री म्हणाला.

"इतकी वर्षं तुमच्या हाताखाली घमेली उचलली. पहार कुठल्या भिंतीसाठी घेतलीत ते कळतं मला."

"लादी कापावी लागेल."

"माहितेय." तिने बरणी जमिनीवर ठेवली. "कापताना मी इथे थांबत नाही. ताईंकडे जाऊन बसते."

लादी सिमेंटमध्ये पक्की झाली होती, काढायला गेलं तर फुटली असती. मिस्त्रीने जागच्या जागी पाणी मारत कटर चालवला. काळा चिखल वाहत मोरीत गेला. हातभराचा तुकडा सुटा झाला आणि त्याच्याबरोबर ती पांढरी शीरही. उरलेली लादी आता अशी बिनडाग होती की तो बंगलेवाला आला असता तर त्याने हसत ठेवून घेतली असती.

भिंत पाडली. आणि मग मिस्त्री खरा अडला. तिरकी म्हणजे किती तिरकी? जुना पाया त्यानेच खोदून फेकला होता, खूण म्हणून एक वीटही जागेवर नव्हती. आखणारा गेला होता. आयुष्यभर त्याने सरळ बांधलं होतं, ओळंबा सांगेल तसं. वाकडं कसं आखायचं हे सांगणारं हत्यार त्याच्या पिशवीत नव्हतं.

"ताई, रेघ कुठे होती, आठवतं?"

"नाही हो भाऊ. मी कधी बघितलीच नाही. जागा होती तोवर कोण बघतं?"

मग तीच उठली आणि आत गेली. "ही कॉट तशी बाहेर काढायचीच आहे. एकटीला नको वाटते. धरा त्या बाजूने."

दोघांनी कॉट उचलली. मिस्त्री पुढे, ती मागे. मिस्त्रीची बायको कोपऱ्यावर खडू घेऊन वाकून उभी. रिकामी कॉट वळणावरून हळूच फिरवली. कॉटचा पाय जिथपर्यंत आला तिथे खूण केली. मागे घेतली, पुन्हा फिरवली. तिसऱ्या फेरीला ती खुणेला न लागता निघाली.

"झालं," मिस्त्री म्हणाला. "एवढं पुरे."

"अजून थोडं घ्या," ड्रायव्हरची बायको म्हणाली. ती धापा टाकत होती. कॉटची कड तिने सोडली नव्हती. "ते जाडे होते."

मिस्त्रीच्या बायकोने खडू आणखी बोटभर आत ओढला, मग वितभर, आणि तिथून पुढे तिला नीट दिसेना, तर मिस्त्रीने तिच्या हातून खडू घेऊन रेघ पुरी केली.

भिंत त्या रेघेवर चढली. ओळंब्याने उभी सरळ, पण चाल तिरकी, पूर्वीपेक्षाही जास्त. खोली आणखी आखूड झाली, लादी पुन्हा वितभर कापावी लागली. ओट्यावर आता शेगडी आणि पाण्याचा हंडा मावतो. चिरणं, मळणं बायको खाली जमिनीवर बसून करते, आणि उठताना ओट्याला धरून उठते. कापलेला तुकडा मिस्त्रीने वळणावर, भिंतीच्या अंगाला, दोन विटांवर बसवून दिला. ड्रायव्हरची बायको दिवेलागणीला येते, पिशवी त्या तुकड्यावर ठेवते, चपलेतला खडा काढते आणि घरात जाते. कधी बसत मात्र नाही.

मागे एकदा ओळखीचा एक गवंडी चहाला आला होता. कप हातात घेऊन खोलीभर फिरला, मागच्या भिंतीपाशी थांबला, एक डोळा मिटून बघितलं आणि त्याला हसू आवरेना.

"मिस्त्री, ही कोणत्या आंधळ्याने बांधली?"

मिस्त्रीची बायको खाली बसून कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"मी बांधली," मिस्त्री म्हणाला. "चहा घे, गार होतोय."